मुलगी आईला 'तुम्ही' म्हणत नाही हो! जाहिरातवाल्यांना खुलं पत्र

मुंबईतल्या तमाम जाहिरात एजन्सी, ब्रँड मॅनेजर आणि मार्केटिंगमधली मंडळी,

नमस्कार.

मी तुमच्याच धंद्यातली. चौदा वर्षं हिंदी-इंग्रजी जाहिरातींचं मराठी करतेय, तुमच्याकडे त्याला लँग्वेज अ‍ॅडॅप्ट म्हणतात. टीव्हीची फिल्म, रेडिओ स्पॉट, होर्डिंग, बँकेचे एसएमएस, बिस्किटाच्या पुड्यावरच्या दोन ओळी, सगळं केलंय. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या फोनमध्ये माझा नंबर असेल आणि आपलं बोलणं बहुतेक वेळा संध्याकाळी सहानंतरच झालेलं असेल, कारण मराठीची आठवण तेव्हाच येते. हिंदी फिल्म शूट होऊन, एडिट होऊन, क्लायंटने पास केलेली असते, चॅनलवरचे स्लॉट बुक झालेले असतात आणि मग मेसेज येतो की लँग्वेजेस, म्हणजे बाकीच्या भाषांचं डबिंग, उद्या सकाळी दहाला स्टुडिओत आहेत, तेवढं मराठी बघाल का.

मी बघते. दर वेळी बघते. पण गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका स्टुडिओत जे झालं त्यानंतर घरी आले आणि ठरवलं की आता हे लिहायचंच.

कंपनीचं नाव सांगत नाही, खाण्याच्या वस्तूची तीस सेकंदांची फिल्म होती. शाळेतून आलेली मुलगी लाडात येऊन म्हणते, "मम्मी, आप भी ना!" मराठी स्क्रिप्ट मी लिहिलेली नव्हती, ती कुठूनतरी भाषांतर होऊन, क्लायंटकडून पास होऊन आली होती, मला फक्त उच्चार बघायला बसवलं होतं. त्यात लिहिलेलं, "मम्मी, तुम्ही पण ना!" आवाज द्यायला आलेली मुलगी आठ-नऊ वर्षांची, काचेपलीकडे माइकपर्यंत पोचायला स्टुलावर उभी, हेडफोन डोक्यापेक्षा मोठा. तिने ओळ वाचली, थांबली, परत वाचली आणि मग माइकमध्येच विचारलं, "मम्मी आणि अजून कोण आहे?"

तिला वाटलं समोर दोघं-तिघं आहेत. कारण तिच्या घरात, तिच्या शाळेत, तिच्या बिल्डिंगमध्ये आईला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. म्हणजे 'तुम्ही' आलं की माणसं एकापेक्षा जास्त, इतकं सरळ आहे ते. आम्हाला सगळ्यांना जे पेपरवर दिसलं नाही ते त्या पोरीला एका सेकंदात कळलं.

मी म्हटलं 'तू पण ना' करून बघूया. इंजिनिअरने लूप लावला. 'आप'च्या 'प'ला पडद्यावरच्या मुलीचे ओठ मिटतात तिथेच 'पण'च्या 'प'ला मिटतात, बरोबर तेवढाच वेळ, फ्रेमला फ्रेम बसली ओळ. 'तुम्ही पण ना' उलट लांब होत होतं, पोरीला घाई करून म्हणावं लागत होतं. स्टुडिओतले सगळे हो म्हणाले. मग क्लायंटच्या माणसाला फोन लावला, तो दुसऱ्या शहरात, मराठी येत नाही, त्यात त्याची काही चूक नाही, तो म्हणाला की हिंदीत 'आप' आहे, ब्रँडच्या टोनमध्ये रिस्पेक्ट आहे, स्क्रिप्ट अप्रूव्ह झालीये, बदलायची तर परत अप्रूव्हल लागेल आणि उद्या ऑन एअर जायचंय. त्या मुलीने मग सांगितल्यासारखं 'तुम्ही' म्हटलं, चार टेकमध्ये ओके झालं. आता रोज संध्याकाळच्या मालिकांच्या मध्ये लागते ती जाहिरात आणि आमच्या हॉलमधून 'मम्मी, तुम्ही पण ना' ऐकू आलं की मला त्या पोरीचा चेहरा आठवतो.

तुम्हाला हे एवढ्याशा शब्दाचं वाटेल. पण मराठी घरात कोण कोणाला काय म्हणतं यावरच अख्खं घर उभं असतं. आईला 'ए आई', बाबांना कितीतरी घरांत अजून 'अहो बाबा', आजीला 'तू', सासूबाईंना 'अहो', मोठ्या जावेला 'अहो', धाकटीला 'अगं', नवऱ्याला आजची मुलगी नावाने हाक मारते आणि तिची सासू त्याच घरात सासऱ्यांना नुसतं 'अहो' म्हणते. पहिल्या दोन शब्दांत आम्हाला कळतं की ही बाई कोण, हे घर कुठलं, यांचं आपसात कसं आहे. त्यात 'आप'चं सरसकट 'तुम्ही' किंवा 'आपण' केलं की ती माणसं आमच्या ओळखीची राहत नाहीत, कोणाच्यातरी घरातलं नाटक बघतोय असं होतं. आणि जाहिरातीचं सगळं काम तर ओळखीवरच चालतं ना? एवढा खर्च करून घर उभं करता, नट शोधता, पडदे-भांडी निवडता आणि त्या घरातल्या माणसांच्या तोंडी परकी भाषा देता.

खरा घोळ लिपीमुळे होतो असं मला आता वाटायला लागलंय. तमिळ करायचं तर तुम्ही घाबरून तमिळ माणूस शोधता, कारण ते अक्षर तुम्हाला वाचता येत नाही. मराठी मात्र देवनागरीत, वाचता येतं, अर्धंमुर्धं कळतं, म्हणून ते जवळजवळ हिंदीच आहे असं वाटतं. मग आर्टवर्कमध्ये वाक्याच्या शेवटी उभा दंड येतो, मराठीत आम्ही पूर्णविराम देतो. 'गुढी'च्या जागी खाली टिंब दिलेलं 'गुड़ी' येतं, ते टिंबवालं अक्षर मराठीत नाहीच. गेल्या पाडव्याला मी दोन होर्डिंगवर ते बघितलं, त्यातल्या एकात गुढीवरचा तांब्या सुलटा ठेवला होता, बहुतेक पूजेच्या कलशाचा तयार फोटो उचलला असणार. गुढीवर तांब्या पालथा असतो, आमच्या सोसायटीतल्या लहान पोरांनाही माहितीये.

शब्दाच्या मागे जागा सोडून 'ने', 'चे', 'मध्ये' लिहायचं हे तर रोजचं झालंय. 'बँक चे ग्राहक', 'क्रीम ने त्वचा'. हिंदीत 'ने', 'में' सुटे लिहितात, मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्द स्वतःही बदलतो, बँक असेल तर बँकेचे, दुकान असेल तर दुकानात. मला सांगतात की ब्रँडच्या नावाला काही जोडायचं नाही, गाइडलाइन आहे. अहो, मग वाक्यच असं लिहू देत जा ना की नाव मोकळं राहील, ते मला येतं, त्याच्यासाठीच तर मी आहे, पण मला वाक्य लिहायला मिळत नाही, फक्त तुमच्या वाक्यातले शब्द बदलायला मिळतात. आणि पैसे शब्दावर. शब्दाला दोन रुपये धरले तर सहा शब्दांच्या हेडलाइनचे बारा रुपये होतात, त्या सहा शब्दांवर मी रात्रभर बसले तरी.

उच्चारांचं तेच. 'ळ' हिंदीत नाही, पण मराठीत आहे, गुजरातीत आहे, कन्नड-तमिळमध्ये आहे, पंजाबीतही आहे, म्हणजे 'डोळे'चं 'डोले' झालं की देशातल्या कितीतरी लोकांच्या कानाला खटकतं. 'च'चे आम्ही दोन उच्चार करतो, 'चव', 'चमचा', 'चांगला' यातला 'च' वेगळा आणि 'चार', 'चिमणी'तला वेगळा. 'माझा' आणि 'माझी'तला 'झ' एक नाही. लिहिताना हे दिसतच नाही, म्हणून नुसती देवनागरी वाचता येणाऱ्या व्हॉइस आर्टिस्टला ते कधी कळणारही नाही. मसाल्याच्या जाहिरातीत 'चव' चुकीच्या 'च'ने ऐकली की माझी आई टीव्हीकडे मान वळवून म्हणते, "हे आपल्यातलं नाही गं." तिला जाहिरातीबद्दल दुसरं काही म्हणायचं नसतं. पण तिने ते पाकीट तिथेच खाली ठेवलंय हे मला कळतं.

आई बार्शीला असते. तिथल्या एसटी स्टँडसमोर आरोग्य विम्याचं एक मोठं होर्डिंग होतं, 'स्वस्थ राहा, आनंदी राहा'. हिंदीत स्वस्थ म्हणजे तब्येतीने ठणठणीत. आमच्याकडे स्वस्थ म्हणजे काही न करता गप्प, निवांत. "स्वस्थ बस जरा" असं आम्ही धुडगूस घालणाऱ्या पोराला सांगतो. आईने ते वाचून मला फोनवर विचारलं की हे म्हाताऱ्यांसाठी आहे का, कामधाम सोडून घरी बसा म्हणतायत. विमा सगळ्या घरासाठी होता, तिला उपयोगाचाही होता. पण तो आपल्यासाठी नाही असं समजून ती पुढे गेली.

असे शब्द पोत्याने आहेत. हिंदीत व्यस्त म्हणजे कामात असलेला, मराठीत तो गणितातल्या 'व्यस्त प्रमाणा'त भेटतो. प्रकृती म्हणजे हिंदीत निसर्ग, आमच्याकडे तब्येत, त्यामुळे 'प्रकृतीच्या जवळ जा' वाचून काहीच बोध होत नाही. संसार म्हणजे तिकडे जग, इकडे नवरा-बायकोचं घर. आणि शिक्षा! एका शैक्षणिक कर्जाचं पोस्टर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, 'आपल्या मुलांच्या उच्च शिक्षेसाठी'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे पोराला अंगठे धरून उभं करतात ती. तो कागद कमीत कमी पाच-सहा जणांच्या हातून गेला असेल, भाषांतर, डिझाइन, अकाउंट मॅनेजर, क्लायंट, प्रिंटर, आणि एकालाही तो एखाद्या मराठी माणसाला मोठ्याने वाचून दाखवावासा वाटला नाही. हल्ली तर मशीनवर काढलेलं मराठी पाठवतात आणि म्हणतात 'फक्त नजर टाका', आणि नजर टाकायलाही वीस मिनिटं देतात.

हे सगळं कोणासाठी चाललंय याचा थोडा हिशोब बघा. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, हिंदी आणि बांग्लानंतर देशात तिसरे. केपीएमजी आणि गूगलच्या २०१७च्या अहवालात होतं की २०१६ सालीच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३ कोटी ४० लाख झाले होते आणि इंग्रजीतून वापरणारे साडेसतरा कोटी, आणि भारतीय भाषांतल्या त्या लोकांपैकी ८८ टक्के म्हणत होते की इंग्रजीपेक्षा आपल्या भाषेतल्या जाहिरातीला आम्ही जास्त प्रतिसाद देऊ. हे आकडे तुमच्याच प्रेझेंटेशनमध्ये मी बघितलेत, पहिल्या चार स्लाइडमध्ये असतात. मग शेवटच्या स्लाइडवर, जिथे बजेट असतं, तिथे सगळ्या भाषा मिळून एक ओळ असते, 'लँग्वेजेस'. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बांग्ला, सगळे एकाच ओळीत. माझ्यासारखेच गुजराती आणि कन्नड लिहिणारे माझ्या ओळखीचे आहेत, आम्ही एकाच रात्री जागत असतो आणि एकमेकांना विचारत असतो की तुझ्याकडे या वाक्याचं काय केलंस.

आता जरा अवघड गोष्ट बोलते, कारण ती फक्त कानाला खटकण्यापुरती नाही. माझ्या मावसभावाने फोनवर जाहिरात बघून कर्ज घेतलं. जाहिरात अगदी छान मराठीत, शेत, विहीर, 'तुमच्या स्वप्नांना आमची साथ', बटण मराठीत, पहिला फॉर्म मराठीत. आधार नंबर टाकल्यावर पुढचं सगळं इंग्रजीत. अटी इंग्रजीत, व्याजाचं कोष्टक इंग्रजीत, उशीर झाला तर किती दंड ते इंग्रजीत. त्याने 'आय अ‍ॅग्री' दाबलं, कारण इथपर्यंत तर सगळं मराठीत होतं, विश्वास बसला होता. प्रोसेसिंग फी कापून पैसे हातात आले तेव्हा त्याला कळलं की रक्कम कमी आहे. मी ते कागद नंतर वाचले, सगळं त्यात लिहिलेलं होतं, पण त्याला वाचता येईल अशा भाषेत नव्हतं. असलीच एखादी मराठी जाहिरात मीही लिहिली असेल, दुसऱ्या कोणासाठी. तेव्हापासून मी विचारते की पुढचे कागद कुठल्या भाषेत आहेत, आणि नीट उत्तर आलं नाही तर काम घेत नाही.

नियम आहेत हो याला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४मध्ये काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की कर्जाचं मुख्य तथ्यांचं पत्रक, ज्याला तुम्ही केएफएस म्हणता, ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमर म्हणजे खालची बारीक सूचनाही त्याच भाषेत. तरी मराठी फिल्मच्या खाली इंग्रजी ओळ धावताना मी नेहमी बघते, कारण मास्टरवरची, म्हणजे मूळ फिल्मवरची, ती पट्टी बदलायची तर परत ऑनलाइन एडिटला बसावं लागतं. तुम्ही आमच्या भाषेत बोलावता तेव्हा माणूस विश्वासाने दार उघडतो, मग आत आल्यावर भाषा बदलू नका एवढंच मागणं आहे.

आणि असं नाही की चांगलं कधी झालंच नाही. 'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली' ही ओळ घ्या. पहाटेचा अंधार, दारं ठोठावत फिरणारे काका, पहिली अंघोळ. ती ओळ दुसऱ्या कुठल्या भाषेतून आलीये असं वाटतच नाही, कारण पहिल्या अंघोळीची ती घाई आमच्या घरातली आहे. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत अंघोळ झाली पाहिजे, उशीर करणाऱ्याला घरभर बोलणी बसतात, उटण्याचा वास, बाहेर पहिला फटाका, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ही ओळ सुचणार. आजही दिवाळीच्या पहाटे लोक एकमेकांना ती पाठवतात, साबण असो नसो. उलट हिंदी मास्टरवरून आलेल्या दिवाळीच्या जाहिरातींत आमच्या वाट्याला रात्रीची आरास आणि लाडवाचे डबे येतात. आमची दिवाळी पहाटेची आहे, चकलीची आहे, किल्ल्याची आहे, अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या पोरांची आहे. एखाद्या मराठी माणसाला ब्रीफच्या दिवशी, म्हणजे क्लायंटने काम सांगितलं त्याच दिवशी, विचारलं असतं तर त्याने चहा संपायच्या आत हे सांगितलं असतं.

याच मुंबईत ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. एकाच शहरातल्या दोन वाचकांशी दोन भाषांत बोलायची गोष्ट इथे जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. विविध भारतीवर १९६७ला जाहिराती सुरू झाल्या त्याही मुंबई, पुणे आणि नागपूरपासून. जाहिरातीचा धंदा या मातीत वाढला आणि तुमच्या ऑफिसच्या बाहेर वडापावच्या गाडीवर मराठी चालू असते, लिफ्टमध्ये चालू असते. तीच भाषा कॉन्फरन्स रूममध्ये आली की 'रिजनल' होते.

आणि तुमच्या हिंदी फिल्ममध्ये मराठी येते तेव्हा कोणाच्या तोंडी येते ते एकदा मोजा. कामवाली बाई, हवालदार, रिक्षावाला. ती मंडळी आमचीच आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पण मराठी बोलणारी डॉक्टर, मराठी बोलणारा दुकानाचा मालक, लेकीला विमानतळावर सोडायला आलेले मराठी आईबाप तुमच्या फिल्ममध्ये का दिसत नाहीत? आणि गावातला माणूस दाखवायचा तर एकच खोटी 'गावरान' भाषा. नागपूरचा माणूस 'काय करून राहिला' म्हणतो, कोल्हापूरची बाई 'आलो', 'गेलो' असं पुरुषासारखं बोलते, खानदेशात घरात अहिराणी असते, मालवणचं तर सगळं निराळं. या सगळ्यांना एकाच सुरात हेल काढायला लावलं की कोणालाच ते आपलं वाटत नाही.

माझं मागणं मोठं नाहीये. हिंदी फिल्म तयार झाल्यावर बोलावता ते ब्रीफ आल्याच्या दिवशी बोलवा. एक तास द्या, मी सांगेन की या घरात कोण कोणाला काय म्हणेल, कुठला सण चालेल, कुठला शॉट मराठीसाठी पाच मिनिटं जास्त थांबून वेगळा घेतला तर पुढे डबिंगमध्ये मारामारी करावी लागणार नाही. ती मुलगी सेटवरच एकदा 'मम्मी, आप भी ना' आणि एकदा 'ए आई, काय गं' म्हणाली असती तर किती खर्च आला असता? कॅमेरा तिथेच होता, लाइट लागलेले होते. आणि मराठीचं अप्रूव्हल मराठी वाचणाऱ्या माणसाकडे द्या, त्याला स्टुडिओतून फोनवर ओळ बदलायचा अधिकार द्या. पैसे शब्दावर देऊ नका, कामावर द्या. हेच गुजरातीसाठी, कन्नडसाठी, बांग्लासाठी करा, त्या लिहिणाऱ्यांची नावं मी देते, एकापेक्षा एक चांगले आहेत आणि सगळे कंटाळलेत.

दिवाळीची कामं आता सुटायला लागतील. कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी उभं राहून फिल्मची गोष्ट सांगत असेल, अजून काही शूट झालेलं नसेल, घर, आई, मुलगी सगळं अजून कागदावर असेल. त्या मीटिंगमधून मला फोन करा. मी ठाण्याला राहते, गाडी वेळेवर असली तर दीड तासात पोचते.

तुमचीच,
चौदा वर्षं तुमचं मराठी करणारी एक